पाच लाखांत जुनी फोर बाय फोर : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी मेकॅनिक नाही. दोन जिप्सी आणि एक जुनी थार पाळताना जे खिशातून शिकलो, तेवढीच माझी पात्रता. पण ओळखीतलं कुणी जुनी फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना इंजिनाची ताकद पोचवणारी गाडी, बघायला निघालं की हटकून फोन येतो आणि प्रश्न तेच असतात. तीच उत्तरं सारखी फोनवर देण्यापेक्षा एकदा लिहून काढली. बजेट साधारण पाच लाख, गाडी महाराष्ट्रात चालणार, असं धरलं आहे.

मला खरंच फोर बाय फोर लागते का?

बहुतेकांना लागत नाही. मागच्या पावसाळ्यात गाडी किती वेळा रुतली, ते आठवा. एकदा-दोनदा रुतली असेल, तर ट्रॅक्टरवाल्याला पाचशे रुपये देऊन ओढून घेणं कधीही स्वस्त पडतं. ताम्हिणीत किंवा वरंध्यात पावसात फिरायला जायचं एवढंच डोक्यात असेल, तर तिथे डांबरी रस्ता आहे. चांगले टायर लावलेली कुठलीही गाडी जाते.

वेल्हे, मुळशी, भोर, जव्हार या बाजूला ज्यांचं शेत किंवा घर कच्च्या चढावर आहे आणि जून ते सप्टेंबर ती वाट रोज तुडवायची आहे, त्यांना ती लागते. कोकणात जांभ्याच्या उतारावर शेवाळ धरतं, तिथेही लागते. मराठवाडा-विदर्भातल्या काळ्या मातीचं मात्र वेगळं आहे. ती माती टायरच्या नक्षीत भरली की चारही चाकं गुळगुळीत होऊन फिरत बसतात. तिथे आधी टायर, मग फोर बाय फोर. ज्यांना फक्त खड्डे आणि धोंडे पार करायचे आहेत त्यांनी साधी टू-व्हील (दोनच चाकांना ताकद असलेली) बोलेरो घ्यावी, उरलेल्या पैशांत विहिरीवर मोटर बसवावी.

आणखी एक गोष्ट आधीच सांगतो. फोर बाय फोरमुळे गाडी चढते, पण थांबत नाही. ओल्या उतारावर ब्रेक लागायला तेवढंच अंतर लागतं, उलट गाडी जड असल्यामुळे थोडं जास्तच.

फोर बाय फोर आणि ऑल-व्हील ड्राइव्ह एकच ना?

नाही. जिप्सी, थार, सफारी, स्कॉर्पिओ यांच्यात 'पार्ट-टाइम' पद्धत असते. एरवी मागची चाकं ओढतात, गरज पडली की लिव्हरने किंवा बटणाने पुढचीही जोडायची. जोडल्यावर पुढचा आणि मागचा शाफ्ट (चाकांकडे ताकद नेणारा दांडा) एकाच वेगाने फिरतो. वळणावर मात्र पुढच्या चाकांना मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापायचं असतं. मातीवर चाक थोडं घसरून हा फरक भरून काढतं. कोरड्या डांबरावर ते घसरत नाही, सगळा पीळ शाफ्ट आणि गेअरवर येतो. म्हणून कोरड्या रस्त्यावर फोर बाय फोर टाकून चालवायची नसते. मागच्या मालकाने तशी चालवली असेल तर ट्रान्सफर केस (पुढे-मागे ताकद वाटणारा गेअरांचा डबा) सांगतेच.

या गाड्यांना 'लो'ही असतो. लो टाकला की गाडी मुंगीच्या पावलाने चालते, पण ओढ दुपटीहून जास्त वाढते. दगडातून चढताना आणि भरल्या गाडीने उतरताना खरं काम तोच करतो.

ऑल-व्हील ड्राइव्ह म्हणजे एडब्ल्यूडी. डस्टर एडब्ल्यूडीसारख्या गाडीत पुढची चाकं ओढतात आणि घसरायला लागली की इलेक्ट्रॉनिक कपलिंग मागच्या चाकांना ताकद पाठवतं. लो नाही. डस्टरमध्ये त्याची भरपाई म्हणून पहिला गेअर मुद्दाम अगदी छोटा दिला आहे. चिखल, वाळू, ओलं गवत यांना ती पुरते. मोठ्या धोंड्यांत नेण्याची ती गाडी नव्हे.

बजेट पाच लाख आहे, म्हणजे पाच लाखांची गाडी बघू ना?

पावणेचार, फार तर चार लाखांची बघा. उरलेले पैसे गाडी खाणार आहे, पहिल्या सहा महिन्यांत. टायर, क्लच, बॅटरी, सगळी ऑइलं, चार-पाच सील, एखादा क्रॉस (शाफ्टचा सांधा). हे खर्च निघतात म्हणजे तुम्हाला कुणी फसवलं असं नाही, जुन्या फोर बाय फोरची रीतच ती. साध्या गाडीला एक डिफरन्शियल (डाव्या-उजव्या चाकाला वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारे गेअर), हिला दोन. शिवाय ट्रान्सफर केस आणि एक जादा शाफ्ट. जितकं जास्त फिरतं तितकं जास्त झिजतं. सगळे पैसे सौद्यातच संपवलेले लोक मग गाडी अंगणात उभी करून ठेवतात.

मग कोणती गाडी घेऊ?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि याचं उत्तर तुमच्या गावच्या गॅरेजवर अवलंबून आहे. तरी माझं मत सांगतो.

*जिप्सी.* १९८५ मध्ये आली, नागरिकांसाठीची विक्री २०१९ च्या सुमारास थांबली. सुरुवातीला ९७० सीसीचं कार्बोरेटर इंजिन होतं, १९९६ पासून १३०० सीसी आणि २००० मध्ये एमपीएफआय, म्हणजे कार्बोरेटरऐवजी इंजेक्शनने पेट्रोल देणारं. घ्यायची तर एमपीएफआयच घ्या, कार्बोरेटरवाली फक्त हौसेपोटी. वजन टनाच्या आसपास, त्यामुळे जिथे मोठ्या गाड्या पोटावर बसतात तिथून ही टुणटुण निघून जाते. पुढे-मागे पाटे (पट्ट्यांच्या स्प्रिंगा), सरळ ॲक्सल, यात समजायला अवघड काहीच नाही. लष्करात वर्षानुवर्षं असल्यामुळे पार्टही मिळतात. दोष मोठे आहेत: पाठीचा खुळखुळा करते, पेट्रोल पिते, एअरबॅग नाही आणि मागची मंडळी आडव्या बाकावर. घरात म्हातारी माणसं असतील तर तुमच्या हौसेपायी त्यांचे हाल करू नका. आता सगळीकडे ई-२० (वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं) पेट्रोल मिळतं, त्यामुळे जुन्या जिप्सीचे रबरी फ्युएल पाइप तडकलेत का ते बघा. ते बदलणं स्वस्त आहे, पेट घेतलेली जिप्सी नाही.

*जुनी थार, सीआरडीई (कॉमन-रेल डिझेल).* २०१० ते २०२०. अडीच लिटरचं १०५ हॉर्सपॉवरचं डिझेल, लो आहे, तालुक्याच्या कुठल्याही गॅरेजात हिचं काम होतं. २०१५ च्या बदलात मागच्या डिफरन्शियलला आपोआप लागणारं लॉक आलं आणि एक चाक हवेत असतानाही गाडी चढायला लागली. जमत असेल तर २०१५ नंतरची घ्या. एअरबॅग हिलाही नाहीत, एबीएस अगदी शेवटी २०१९ मध्ये आलं. अडचण भावाची. 'थार' या नावालाच लोक पैसे देतात, त्यामुळे आपल्या बजेटमध्ये येते ती बहुतेक खूप चाललेली किंवा खूप सजवलेली. सजवलेलीपेक्षा चाललेली बरी.

*थार डीआय (जुन्या पद्धतीचं साधं डिझेल).* ६३ हॉर्सपॉवर. हायवेवर ट्रकवाले हॉर्न मारतात. पण इलेक्ट्रॉनिक्स जवळपास शून्य. गाव ते शेत एवढंच काम असेल तर हिच्याइतकी बिनतक्रार गाडी नाही. डीआय टू-व्हीलमध्येही यायची, हे लक्षात ठेवा.

*सफारी स्टॉर्म फोर बाय फोर.* माझ्या मते या पैशांत मिळणारी सगळ्यात मोठी गाडी, आणि लोक टाळतात म्हणून स्वस्त. २०१२ ते २०१९. २.२ लिटर डिझेल, आधी १४० आणि नंतरच्या व्हॅरिकॉर ४०० इंजिनामध्ये १५६ पीएस (म्हणजे हॉर्सपॉवरच). सात माणसं आरामात बसतात, नॉबने फोर बाय फोर पडते, लो आहे. लष्कराने २०१७ मध्ये ३,१९२ स्टॉर्मची ऑर्डर दिली होती. बारीकसारीक कुरबुरी मात्र भरपूर: सेन्सर, पॉवर विंडो, एसी. टाटांच्या गाड्यांवर हात बसलेला मिस्त्री जवळ असेल तरच घ्या. नसेल तर हीच गाडी महागात पडते.

*स्कॉर्पिओ फोर बाय फोर.* गाडी उत्तम, पण टू-व्हीलच्या शंभर दिसतील तेव्हा फोर बाय फोरची एक दिसेल. मिळाली तर सोडू नका.

*डस्टर एडब्ल्यूडी.* २०१४ पासून, ११० पीएसचं डिझेल. आठवडाभर शहरात नोकरी आणि शनिवारी गावचा कच्चा रस्ता, अशांसाठी हीच. चालवायला कारसारखी, मायलेज चांगलं. टायमिंग बेल्ट कधी बदलला, याची पावती मागा. पावती नसेल तर बदललेला नाही असं समजा आणि तो खर्च भावातून कापा. बेल्ट तुटला तर इंजिनच उघडावं लागतं.

जुनी पजेरो, एंडेव्हर, पहिली फॉर्च्युनर? कधी कधी चार-पाच लाखांत मिळतात, दिसतात झकास. पण गाडी स्वस्त झाली म्हणून तिचे पार्ट स्वस्त होत नाहीत. तीस लाखांच्या गाडीचा इंजेक्टर तीस लाखांच्या गाडीचाच असतो.

२०२३ नंतरची थार कमी भावात मिळतेय. घेऊ का?

खाली वाकून बघा. जानेवारी २०२३ पासून थार फक्त मागच्या चाकांच्या ड्राइव्हमध्येही विकली जाते. गिअर लिव्हरशेजारी दुसरं लिव्हर नसेल तर ती फोर बाय फोर नाही, मागे काहीही चिकटवलेलं असो. फोर बाय फोरचं स्टिकर कुठल्याही ॲक्सेसरीच्या दुकानात मिळतं.

फोर बाय फोर खरंच चालू आहे, हे कसं ओळखायचं?

इथे जरा रेंगाळतो, कारण मी इथेच फसलो होतो.

माझी पहिली गाडी एका डीलरकडून घेतली. लिव्हर मागे-पुढे होत होतं, डॅशबोर्डवर हिरवा दिवाही लागत होता. डांबरी रस्त्यावर दोन किलोमीटर चालवली आणि इसार देऊन मोकळा झालो. पहिल्याच पावसात शेताच्या बांधाजवळ मागची चाकं जागच्या जागी फिरायला लागली, पुढची ढिम्म. खाली सरकून बघतो तर पुढचा शाफ्टच नाही! कधीतरी क्रॉस गेला असणार, आवाज येतो म्हणून कुणीतरी शाफ्ट काढून ठेवला आणि पुन्हा लावलाच नाही. दिवा लागतो तो ट्रान्सफर केसवरच्या स्विचमुळे. पुढच्या चाकांपर्यंत काही पोचतंय का, याच्याशी त्याचा संबंध नसतो.

तेव्हापासून आधी गाडीखाली जातो, बोलणी मग. मोबाइलची बॅटरी आणि एक पोतं बरोबर असतं. ट्रान्सफर केसपासून मागे एक आणि पुढे एक, असे दोन शाफ्ट दिसायलाच हवेत. दोन्ही शाफ्ट हाताने पिळून बघा, क्रॉसमध्ये खडखड असेल तर तो गेलेला.

मग जॅकची परीक्षा. गाडी सपाट जागी, मागच्या चाकांना दगड, हँडब्रेक ओढलेला. पुढचं एक चाक जॅकवर उचला, पण आता गाडीखाली जायचं नाही. टू-व्हीलमध्ये असताना ते चाक हाताने फिरतं. आता फोर बाय फोर टाका. जिप्सीसारखे हाताने फिरवायचे हब (पुढचं चाक ॲक्सलला जोडणारे, चाकाच्या मध्यावरचे) असतील तर तेही लॉक करा. आता चाक थोडंसं हलून अडलं पाहिजे. गरगर फिरत राहिलं, तर ताकद वाटेत कुठेतरी तुटते आहे. बटणवाल्या गाड्यांना फोर बाय फोर पडायला काही वेळा दोन-चार मीटर पुढे-मागे व्हावं लागतं, तेवढं आधी करून घ्या.

यानंतर गाडी मातीवर न्या. मालक 'इथेच चालवून बघा' म्हणाला तरी मातीवरच न्या. एखादा सैल चढ शोधा, बरोबरच्या माणसाला बाहेर उभं करा आणि पुढची चाकं माती उडवतायत का ते त्याला बघायला सांगा. मग पूर्ण थांबून लो टाका. इंजिनाचा आवाज चढायला हवा आणि गाडी सरपटत चालायला हवी. लोमध्ये ॲक्सिलरेटर सोडल्यावर लिव्हर आपोआप बाहेर सुटत असेल, तर ट्रान्सफर केस उघडावी लागणार. सफारी-स्कॉर्पिओच्या बटणावर दिवा नुसताच लुकलुकत राहिला, तर मोटर किंवा कंट्रोल युनिट गेलेलं असतं आणि ते स्वस्तातलं काम नाही. डस्टरमध्ये नॉब 'लॉक'वर ठेवून हाच चढ चढवा.

'साहेब, आम्ही फोर बाय फोर कधी टाकलीच नाही, एकदम नवी आहे.' हे वाक्य विक्रेते अभिमानाने सांगतात. मला ते ऐकलं की धडकी भरते. वर्षानुवर्षं न हललेले हब गंजून अडकतात, शिफ्टची मोटर जागेवर धरते, पुढच्या हाउसिंगचं (डिफरन्शियलच्या डब्याचं) ऑइल कंपनीतून आलेलं तेच असतं. शेतकऱ्याने दर पावसाळ्यात वापरलेली आणि नीट ठेवलेली गाडी मी याच्याआधी घेईन.

बाकी गाडीत काय बघायचं?

इंजिन थंड असताना जा. बोनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर तुम्ही यायच्या आधी सुरू करून ठेवली आहे, आणि का ते विचारा. डिझेल गाडी सुरू झाल्यावर ऑइल भरायचं झाकण उघडा. तिथून भसाभसा वाफ-धूर मारत असेल तर इंजिनाच्या बोअरचं (सिलिंडरचं) काम जवळ आलंय. निळा धूर म्हणजे ऑइल खाते. काळा धूर इंजेक्टर किंवा टर्बोकडे बोट दाखवतो. पांढरा थंडीत क्षणभर चालतो, गाडी तापल्यावरही येत राहिला तर पुढची गाडी बघा.

चालवताना काच खाली, रेडिओ बंद. गाडी हलताना 'टक्' असा झटका आला तर क्रॉस. ठरावीक वेगाला हाउसिंगमधून 'ऊंऽऽ' असा सूर आला तर क्राउन-पिनियन, म्हणजे हाउसिंगमधले मुख्य गेअर. जिप्सी आणि जुन्या जीपचं स्टिअरिंग साठ-सत्तरला थरथरत असेल तर विक्रेता 'बॅलन्सिंग केलं की जाईल' म्हणतो. बहुतेक वेळा किंगपिनच्या (पुढचं चाक ज्या खिळीवर वळतं तिच्या) बेअरिंगचं दुखणं असतं. पुढच्या चाकांच्या आतल्या बाजूला ॲक्सलच्या टोकाच्या गोळ्यावरून ग्रीस-ऑइल ओघळलंय का, तेही तिथेच बघून घ्या.

आणि चेसिस. इंजिन बदलता येतं, सडलेली चेसिस नाही. मालवण, रत्नागिरी, अलिबागला समुद्राजवळ राहिलेली गाडी असेल तर पाट्यांची शॅकलं, चेसिसचे जोड आणि मागचा आडवा दांडा स्क्रू-ड्रायव्हरने टोचून बघा. खपली निघाली तर निघू द्या, टोक आत गेलं तर उठा. खालून नुकतंच काळं कोटिंग मारलेलं दिसलं की मला संशय येतो. कोटिंग गंज थांबवायला असतं, तसं झाकायलाही चालतं.

पुरात गेलेली गाडी कशी ओळखायची?

ऑगस्ट २०१९ ला सांगली-कोल्हापूर आणि जुलै २०२१ ला चिपळूण पाण्यात गेलं, तेव्हा असंख्य गाड्या बुडाल्या. त्यातल्या कितीतरी धुऊन-पुसून बाजारात आल्या. त्यांनी जिल्हा सोडला असेल, चिखलाने गाडी सोडलेली नसते. सीट-बेल्ट शेवटपर्यंत ओढा, आतल्या टोकाला चिखलाची रेघ दिसते. सीटच्या रुळांवरचा गंज, फ्यूज बॉक्समधली बारीक माती, कार्पेटखालचा कुबट वास. विम्याचा जुना क्लेम असेल तर तोही काढायला सांगा. बटणवाल्या फोर बाय फोरचं वायरिंग एकदा भिजलं की ते पुढे कधी, कुठे दगा देईल सांगता येत नाही. अशी गाडी फुकट मिळाली तरी विचार करावा.

किती किलोमीटर चाललेली चालेल?

मीटरवर फार विश्वास ठेवू नका, तो मागे घेता येतो. क्लच-ब्रेक पॅडलचं रबर, स्टिअरिंगची चकाकी, ड्रायव्हर सीटची कड बघा. मीटर साठ हजार दाखवतंय आणि पॅडलचं रबर गुळगुळीत झालंय, याचा अर्थ सांगायला नको. सर्व्हिसच्या कागदांसह दीड लाख चाललेली सफारी मला चालते. कागदांशिवाय सत्तर हजारांची चालत नाही.

दिल्ली पासिंगच्या गाड्या खूप स्वस्त आहेत. आणू का?

स्वस्त का, ते आधी समजून घ्या. दिल्लीत दहा वर्षांपुढच्या डिझेल आणि पंधरा वर्षांपुढच्या पेट्रोल गाड्यांवर हरित लवादाच्या २०१५ च्या आणि सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ च्या आदेशांपासून टांगती तलवार आहे. त्यामुळे तिथले लोक दहा वर्षं होत आली की डिझेल गाडी काढून टाकतात. गाड्या खरोखर चांगल्या असू शकतात.

पण गणित पूर्ण करा. तिथल्या आरटीओची एनओसी (फॉर्म २८) लागते. महाराष्ट्रात बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवायची तर इथला नंबर घ्यावा लागतो आणि इथला रोड टॅक्स पुन्हा भरावा लागतो. नव्या खासगी डिझेल गाडीला आपल्याकडे किमतीच्या टप्प्यानुसार १३ ते १५ टक्के टॅक्स आहे, जुन्या गाडीला वयाप्रमाणे त्यातून सूट मिळते. मूळ किंमत मोठी असेल तर उरलेली रक्कमही टोचते. तिथला टॅक्स परत मागता येतो म्हणतात. मिळाला तर बोनस समजा, हिशेबात धरू नका. 'एनओसी मागून पाठवतो' म्हणणाऱ्याला पैसेही मागूनच पाठवा.

पंधरा वर्षं पूर्ण होत आलेली गाडी घ्यावी का?

खासगी गाडीची पहिली नोंदणी पंधरा वर्षांची. मग आरटीओत गाडी दाखवून पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण. एप्रिल २०२२ मध्ये कारच्या नूतनीकरणाची फी ६०० वरून ५,००० रुपये झाली, शिवाय महाराष्ट्रात पर्यावरण कर वेगळा. जिप्सीसाठी मी हे आनंदाने भरतो. नूतनीकरण होऊन चार वर्षं शिल्लक असलेली गाडी, चौदा वर्षं पूर्ण झालेल्या गाडीपेक्षा बरी. दुसरीत तपासणीची डोकेदुखी तुमच्या गळ्यात येते.

मॉडिफाय केलेली किंवा मिलिटरी लिलावातली?

मोठे टायर, उचललेले पाटे, लोखंडी बंपर, छतावर दिव्यांची माळ. हे सगळं करणाऱ्याने गाडी कशी चालवली असेल, याचा अंदाज करा. भारी टायरांचा सगळा भार बेअरिंग आणि ॲक्सलवर जातो. नोंदणीत नसलेला बदल आरटीओच्या तपासणीत अडतो आणि अपघात झाला तर विमा कंपनी तोच पुढे करते. सगळ्यात वाईट म्हणजे बदललेलं इंजिन. पेट्रोल जिप्सीत डिझेल इंजिन बसवलेलं असतं आणि आरसीवर 'पेट्रोल' असतं. इंजिन नंबर आणि चेसिसवर ठोकलेला नंबर स्वतः वाचा, आरसीशी अंक-अंक जुळवा.

लष्करी लिलावातली गाडी घ्यायची तर लिलावाचं मूळ पत्र हवं आणि आरटीओची नोंदणी *झालेली* हवी. 'होऊन जाईल' या शब्दावर विसंबून अंगणात गंजत उभ्या राहिलेल्या जिप्सी मी स्वतः पाहिल्या आहेत.

कागद कोणते बघू? इसार किती देऊ?

आरसी, विमा, पीयूसी, दोन्ही किल्ल्या. गाडीवर कर्जाचा बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५. नावावर करायला फॉर्म २९ आणि ३०. एमपरिवहन ॲपवर नंबर टाकला की मालकी कितवी, विमा कधीपर्यंत, काळ्या यादीत आहे का, एवढं दिसतं. ई-चलानं वेगळी बघा, ती विकणाऱ्याने भरायची. जुन्या गाडीला एचएसआरपी (हाय-सिक्युरिटी नंबर) पाटी लागली आहे का, तेही आत्ताच बघा.

इसार पाच-दहा हजारांच्या वर देऊ नका आणि दिला की चिठ्ठीवर सही घ्या: गाडी नंबर, ठरलेला भाव, कधीपर्यंत, आणि मेकॅनिकच्या तपासणीत मोठं काम निघालं तर इसार परत. ही शेवटची ओळ लिहायला जो खळखळ करतो, त्याला काम माहीत असतं.

विम्याचं काय?

गाडी नावावर झाल्यापासून चौदा दिवसांच्या आत विमाही नावावर करायला टाका. मागच्या मालकाचा नो-क्लेम बोनस तुम्हाला मिळत नाही, तो माणसाबरोबर जातो. आणि तुम्ही ओढे-नाले पार करणार असाल तर इंजिनात पाणी जाण्याचं वेगळं कव्हर विचारा, साध्या पॉलिसीत ते सहसा नसतं.

बरोबर मेकॅनिक नेलाच पाहिजे का?

हो. पण नेहमीचा गाडीवाला नव्हे, फोर बाय फोर उघडलेला माणूस. तालुक्याच्या गावात जीप-बोलेरोची कामं करणारा एखादा म्हातारा मिस्त्री असतोच. त्याचा दिवस भरून द्या, जेवायला घाला. आणि विक्रेत्यासमोर त्याला 'काका, घेऊ का?' असं विचारू नका, अवघडून 'ठीक आहे' म्हणेल. परतताना चहाच्या टपरीवर विचारा.

टायर चांगले दिसतायत, मग झालं?

नक्षीबरोबर वयही बघा. टायरच्या बाजूवर चार आकडे कोरलेले असतात. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. सहा-सात वर्षांचा टायर कितीही जाड दिसला तरी रबर कडक झालेलं असतं. चारही टायर एकाच मापाचे आणि साधारण सारखे झिजलेले हवेत. डस्टरमध्ये तर हे फारच महत्त्वाचं, कारण पुढच्या-मागच्या चाकांच्या वेगात फरक पडला की कपलिंग विनाकारण काम करत राहतं. चिखलाचे दातेरी टायर डांबरावर घोंघावतात आणि ओल्या रस्त्यावर पकडही कमी देतात. दोन्ही रस्ते असतील तर ऑल-टेरेन पुरे.

गाडी घरी आली. पहिलं काय करू?

पूजा झाली की थेट गॅरेज. इंजिन, गेअरबॉक्स, ट्रान्सफर केस, पुढचं आणि मागचं हाउसिंग, पाचही ठिकाणचं ऑइल बदला. काढलेलं ऑइल पांढऱ्या डब्यात धरायला सांगा. दुधाळ निघालं तर पाणी गेलेलं आहे, सील बदला आणि हाउसिंगचा श्वास घ्यायचा छोटा वॉल्व्ह बुजलाय का तेही बघा. लोखंडाचा बारीक चुरा थोडा चालतो, तुकडा निघाला तर हाउसिंग उघडा. क्रॉसना आणि शाफ्टला ग्रीस मारून घ्या, हब उघडून साफ करा.

मग महिन्यातून एकदा, पाऊस असो वा उन्हाळा, कच्च्या रस्त्यावर दोन-तीन किलोमीटर फोर बाय फोर टाकून चालवा आणि शंभर पावलं लोमध्ये. आमच्याकडे हे काम दर अमावास्येला होतं. कारण एवढंच की ती तारीख आई विसरत नाही आणि मला विसरू देत नाही.